दोष शोधणे आणि दोष देणे

दोष शोधणे आणि दोष देणे ही दोन क्रियापदे आपल्या भाषेत इतकी शेजारी शेजारी राहतात की, पहिल्याच्या घरी जायला निघालेला माणूस बहुधा दुसऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसतो. मी शाळामास्तर असल्यामुळे ह्या दुसऱ्या ओसरीवर माझी बरीच वर्षे गेली आहेत. वर्गात काही हरवले, काही फुटले, की 'हे कोणी केले?' हा प्रश्न माझ्या तोंडून इतक्या सहज निघतो की 'हे कसे झाले?' असाही एक प्रश्न असू शकतो ह्याचा मला विसर पडतो. तो विसर एका बिघडलेल्या संगणकाने मोडला. ती हकीकत सांगताना माझी बाजू फारशी शोभून दिसणार नाही, हे आधीच कबूल करून ठेवतो.

मी राहात्याचा. नगरकडून शिर्डीला जाणाऱ्यांना आमचे गाव ठाऊक असते ते शिर्डीच्या अलीकडचे म्हणून, आणि हंगामात रस्त्याच्या कडेला पेरूच्या पाट्या मांडून बसणाऱ्यांमुळे. इथल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक; त्यानंतरचा चित्रकलेचा अभ्यासक्रम सोडला तर कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही. संगणकाविषयी माझे ज्ञान टांग्यात बसणाऱ्याला घोड्याविषयी असते तेवढेच.

झाले असे. 2023 च्या दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली आणि दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी संगणक-कक्षातले सर्वांत बरे यंत्र नीट सुरू होईना. बटण दाबावे, पडदा उजळावा, विंडोजची खूण दिसावी, नेहमीचे चित्र येते न येते तोच सगळा पडदा निळा पडावा, इंग्रजीत दिलगिरीच्या दोन ओळी याव्यात, आणि यंत्राने पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा. अर्धा तास मी त्याच्यापुढे बसून ही येरझार पाहिली. त्या यंत्रात मुलांची निकालपत्रके होती, हजेरीचे तक्ते होते. आणि खरे सांगायचे तर माझ्या नव्या कादंबरीची अकरा प्रकरणेही होती. घरी यंत्र नाही म्हणून शाळा सुटल्यावर तिथे बसून मी लिहीत असे. तेव्हा माझा संताप केवळ निकालपत्रकांसाठी होता असे म्हणून मी तुमच्याकडून शाबासकी घेणार नाही.

आदल्या दिवशी त्या यंत्राला नववीतला एक मुलगा बसला होता. विज्ञान-प्रदर्शनाच्या तक्त्यासाठी चार पाने छापायची म्हणून त्याने पेन ड्राइव्ह लावला होता. वडील दुसऱ्याच्या पेरूच्या बागेत कामाला. घरी संगणक असण्याचा प्रश्नच नव्हता. तो पेन ड्राइव्हही कोणाकडून तरी मागून आणलेला. पण पोराचा हात यंत्रावर चांगला बसला होता. अडले की मी त्यालाच हाक मारीत असे.

त्या दिवशी मी नववीच्या वर्गात गेलो आणि साऱ्या वर्गादेखत त्याला उभे केले.

"काय घाण आणलीस त्या पेन ड्राइव्हमधून?"

"सर, मी फक्त प्रिंट काढली."

"मग यंत्र काय आपोआप बिघडले?"

ह्या प्रश्नाला उत्तर नसते; म्हणून तर आम्ही मास्तर मंडळी तो विचारतो. तो खाली मान घालून उभा राहिला आणि ती खाली घातलेली मान मी कबुलीजबाब म्हणून स्वीकारली. दुसऱ्याच्या पेन ड्राइव्हमधून संगणकाचे रोग येतात, ही गोष्ट काही खोटी नाही. माझा संशय वेडगळ नव्हता. पण संशय वेडगळ नसणे आणि तो खरा असणे ह्यांत केवढे अंतर असते! ते मी एका पावलात ओलांडले. संगणक-कक्षात पुन्हा पाऊल टाकायचे नाही, अशी शिक्षाही देऊन टाकली.

दुरुस्तीला आला तोही माझाच जुना विद्यार्थी. बाजारात त्याचे लहानसे दुकान आहे. मी म्हटले, "माझ्या फाइली तेवढ्या काढून घे आणि फॉरमॅट मारून टाक." म्हणजे सगळे पुसून पाटी कोरी कर. तो यंत्राकडे बघतच म्हणाला, "मारू ना सर. चालू बी होईल. पण झालं काय होतं ते कळायचं नाही, आन् पुढच्या महिन्यात पुन्हा हेच." मग त्याने विचारले, "नवीन काही टाकलं होतं का ह्याच्यात?" मी म्हणालो, "नाही."

हे 'नाही' वाचकांनी लक्षात ठेवावे. ते खोटे होते, पण मी खोटे बोलत नव्हतो.

मग त्याने यंत्र 'सेफ मोड'मध्ये सुरू केले. विंडोज 95 च्या काळापासून ही सोय आहे. त्या वेळी यंत्र जागे होताना एफ-8 ची कळ दाबली की ते थांबून विचारी : नेहमीसारखे सुरू होऊ की साधेपणाने? 2012 साली विंडोज 8 निघाले तेव्हा यंत्रे इतक्या झपाट्याने सुरू होऊ लागली की ती कळ दाबायला 200 मिलिसेकंदांचाही अवकाश उरला नाही. म्हणजे डोळ्याची पापणी लवते न लवते तेवढा. आता त्यासाठी आडवाटेने जावे लागते. यंत्र दोन-तीनदा सुरू होता होता पडले की ते आपण होऊन दुरुस्तीचा फलक पुढे करते. त्यातून आत शिरले की शेवटी क्रमांक घातलेली एक यादी येते. त्याने 4 दाबला. एवढ्या भरधाव निघालेल्या वस्तूला मध्येच अडवून 'थांब, बघू' म्हणणे कठीणच. माझ्या रागाचेही त्या दिवशी तेच झाले होते.

यंत्र सुरू झाले, आणि पडले नाही. पडदा काळा होता, त्याच्या चारही कोपऱ्यांत 'सेफ मोड' अशी अक्षरे होती. मी हौसेने लावलेले हिमालयाचे चित्र नव्हते. खुणा मोठ्या आणि ओबडधोबड दिसत होत्या. आवाज नाही, इंटरनेट नाही, छपाई नाही. एखाद्या लग्नघरात मांडव उतरल्यावर, सतरंज्या गुंडाळल्यावर, पाहुणे गेल्यावर जे घर उरते तसे ते दिसत होते.

ह्या नावाचे भाषांतर कोणी 'सुरक्षित अवस्था' असे करतील. मला ते पुरेसे वाटत नाही. सुरक्षिततेपेक्षा ह्यात अपरिग्रह अधिक आहे. एरवी यंत्र सुरू होताना आपला मूळ संसार तर उभा करतेच, पण त्यावर चढवलेला सगळा बोजाही उचलते. छापण्याचे यंत्र, आवाज, कॅमेरा, रोगराईवरचे पहारेकरी, आणि कोणी कोणी वेळोवेळी आणून घातलेल्या सतरा सोयी. प्रत्येक उपकरणामागे त्याला हाकणारा एक आज्ञासंच असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. 'सेफ मोड'मध्ये यंत्र फक्त ज्यांच्यावाचून उभेच राहता येणार नाही तेवढ्यांना घेऊन उठते. इथेही ते कोसळले, तर दुखणे मुळातले असण्याचा संभव मोठा : चकती, स्मृती, नाही तर मूळ प्रणाली. इथे ते उभे राहिले, तर दुखणे बहुधा वरून घातलेल्या गोष्टींत. दुरुस्ती मात्र 'सेफ मोड' एका पैचीही करीत नाही. दोष बघायला जरा स्थिर उभे राहता येईल एवढी जागा तो देतो, इतकेच.

पुढची रीत मला फार आवडली. वरून घातलेल्या गोष्टींपैकी अर्ध्या बंद करायच्या आणि यंत्र नेहमीसारखे सुरू करून पाहायचे. पडले, तर गुन्हेगार चालू ठेवलेल्या अर्ध्यात. नाही पडले, तर बंद केलेल्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचे अर्धे. बत्तीस संशयितांतून एक निवडायला अशा पाच फेऱ्या पुरतात. गुन्हेगार दोघे असले आणि दोघे मिळूनच खोडी करीत असले तर गणित बिघडते, असेही तो म्हणाला. कोणाच्या तोंडाकडे बघायचे नाही, कोण कोणाचा ते विचारायचे नाही. सगळ्यांनी सारखेच बाहेर बसायचे आणि एकेका गटाने आत यायचे.

बघता बघता मला आठवण झाली ती आमच्याकडच्या वायरमनची. वळवाचा पाऊस आला, वारा सुटला, की आमच्याकडची वीज जाते. 11 के.व्ही.ची लाइन उपकेंद्रातून निघून मळ्यांतून, बागांतून, पाटाच्या कडेने कोसच्या कोस गेलेली. कुठे तरी फांदी पडलेली असते, कुठे इन्सुलेटर फुटलेला असतो. वायरमन अंधारात प्रत्येक खांब बघत हिंडत नाही. तो लाइनीच्या मध्यावर जातो, तिथे लाइन तोडतो, म्हणजे पुढची बाजू वेगळी करतो, आणि उपकेंद्राला फोन करतो, "घ्या चार्ज करून." वीज टिकली, तर दोष पुढे, पुन्हा उडाली, तर मागे. मग उरलेल्याच्या मध्यावर. ह्यात ज्यांच्या तारा धडधाकट आहेत त्यांनाही अंधारात बसावे लागते आणि ते वायरमनला शिव्याही देतात. पण त्या अंधारात कोणाची अब्रू जात नाही. अंधार सगळ्यांवर सारखा असतो आणि दिवा आला की तो संपतो.

वर्गात आम्ही काय करतो? सहलीचे पैसे हरवले की दप्तरे तपासतो. आधी कोणाचे दप्तर? माझ्या वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत मी पाहत आलो आहे : ज्याचे दप्तर जुने, त्याचे आधी. माझ्या टेबलाचा खण मी पहिल्यांदा उघडून दाखवल्याचे मला आठवत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल की, मास्तर, हे सगळे ठीक. पण गुन्हेगार असतातच की. आहेतच. सगळा दोष परिस्थितीवर लोटून कोणालाच काही न विचारणे ही तर आळसाचीच एक रीत झाली, फॉरमॅट मारण्यासारखी. भावाभावांत कुरबुर सुरू झाली की 'वाटणी करून मोकळे व्हा' म्हणणारे मध्यस्थ असतात ना, त्यांतली. भांडण मिटते, ते कशाने होत होते ते कळत नाही, आणि दोन्ही नव्या चुलींवर तेच पुन्हा शिजू लागते. यंत्रातही शेवटी एक विवक्षित, नाव घेण्याजोगा गुन्हेगार सापडलाच. तेव्हा माझा मुद्दा क्षमेचा नाही, क्रमाचा आहे. आधी शोधावे आणि मग द्यावे, एवढाच. आणि शोधताना ज्यांना बाहेर बसवायचे त्यांत आपलीही पाळी धरावी.

तिसऱ्या की चौथ्या फेरीला तो सापडला. सुट्टीत मी एक जुनी, दुसऱ्याने वापरलेली चित्रे काढायची इलेक्ट्रॉनिक पाटी विकत घेतली होती. तिच्यावर लेखणी फिरवली की रेघ पडद्यावर उमटते. तिचा जुनापुराणा ड्रायव्हर मी एका दुपारी शाळेत येऊन स्वतःच्या हाताने त्या यंत्रात घातला होता. तो काढल्यावर यंत्र निमूटपणे सुरू झाले. पेन ड्राइव्हमधून काहीच आले नव्हते. तेही त्याने तपासून दाखवले.

मी थक्क झालो तो माझ्या त्या 'नाही'मुळे. नवीन काही घातले होते का, असे विचारल्यावर मला ती पाटी आठवली सुद्धा नाही. माझ्या लेखी 'नवीन' म्हणजे दुसऱ्याने आणलेले. मी आणलेले ते घरचेच.

ही खोड माझ्या एकट्याची नाही, हे पुढे आठ महिन्यांनी कळले. पण त्याआधी एक आडकथा सांगून टाकतो. यंत्र 'सेफ मोड'मध्ये असताना मी कादंबरीची फाइल उघडून घेतली होती. प्रकरणे शाबूत होती. पण मराठी टंकलेखनाची माझी सोय वरून घातलेली असल्यामुळे ती तिथे चालत नव्हती. म्हणजे वाचता येत होते, एक अक्षर बदलता येत नव्हते. मुलगा आपले काम करीत असताना अधूनमधून मी माझे लेखन असे हात बांधून वाचले. बारावे प्रकरण महिनाभर पुढे सरकत नव्हते आणि त्याचा दोष मी नायिकेला देत होतो. वाचता वाचता लक्षात आले की बिचारीचे काही चुकत नाही. ज्या ज्या पानावर माझा लाडका शाळामास्तर तोंड उघडतो, त्या त्या पानावर कादंबरी कोसळते. तो नेहमी बरोबरच असतो. त्याला मी पुढे तीन प्रकरणांतून काढला.

'सेफ मोड'ची मोहिनी पडते, हेही सांगितले पाहिजे. त्या काळ्या पडद्यापुढे मला क्षणभर वाटले, असेच राहू दे की यंत्र. पडत तर नाही! तशी सोयही आहे म्हणे. एके ठिकाणी खूण करून ठेवली की यंत्र दर वेळी 'सेफ मोड'मध्येच उठते, आणि ती खूण पुसायची राहिली तर लोक आपले यंत्र कायमचे बिघडले असे समजून दुकानात आणतात. अशी माणसेही मी पाहिली आहेत. इगतपुरीच्या धम्मगिरीवर 1976 पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे होतात. न बोलता, फोन-वर्तमानपत्राशिवाय राहायचे. आमचे एक स्नेही तिथे जाऊन आले. तिथे त्यांना दहा दिवसांत एकदाही राग आला नाही. घरी परतल्यावर तिसऱ्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडले आणि ताट भिरकावले गेले. ते म्हणू लागले की दोष घराचा. मी पुन्हा तिकडे जातो. मला वाटते, शिबिराने त्यांना इतकेच दाखवले होते की तुमचे मूळ यंत्र ठीक आहे. परत आल्यावर एकेक गोष्ट चालू करून, कशाने पडते ते बघायचे काम त्यांचे होते. ते कंटाळवाणे असते.

आता ते आठ महिन्यांनंतरचे. ह्या अवधीत त्या मुलाला मी संगणक-कक्षात पुन्हा बोलावले होते. "झाले यंत्र सुरू, ये तू," असे व्हरांड्यात, जाता जाता, कोणी ऐकत नसताना म्हणालो होतो. आरोप चाळीस-पंचेचाळीस मुलांसमोर केला होता आणि निर्दोष सोडला तो व्हरांड्यात. एवढ्यावर भागले अशी मी स्वतःची समजूत घातली. तो नववीतून दहावीत गेला.

शुक्रवार, 19 जुलै 2024. सकाळी शाळेत आमची प्रार्थना व्हायच्या सुमाराला, आपल्या घड्याळाप्रमाणे 9 वाजून 39 मिनिटांनी, क्राउडस्ट्राइक ह्या अमेरिकन कंपनीने आपल्या पहारेकरी प्रणालीसाठी एक लहानशी फाइल जगभर पाठवली. फाइलीत चूक होती. सव्वा तासाने, 10 वाजून 57 मिनिटांनी, ती मागे घेतली गेली. पण तोवर जगातली सुमारे 85 लाख विंडोज यंत्रे निळी पडली. हा अंदाज खुद्द मायक्रोसॉफ्टचा. विमाने अडकली, रुग्णालये, बँका अडकल्या. आपल्याकडच्या विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. आणि उपाय कोणता? एकेका यंत्रापाशी जायचे, ते 'सेफ मोड'मध्ये सुरू करायचे, नावात 291 हा आकडा असलेली ती एक फाइल पुसायची आणि पुन्हा चालू करायचे. ज्यांनी कुलपे घातली होती त्यांना आधी कुलपांच्या लांबलचक किल्ल्या शोधाव्या लागल्या. एवढ्या शहाण्या जगाला माझ्या जुन्या विद्यार्थ्याचीच युक्ती करावी लागली, ह्याचा मला जरा आनंद झाला, हे नाकारत नाही.

पण मला खिळवून ठेवले ते दुसऱ्याच गोष्टीने. बातमी फुटताच पहिला संशय आला तो शत्रूचा. कोणी तरी हल्ला केला असणार! हा हल्ला नव्हे, असे कंपनीच्या प्रमुखाला मुद्दाम जाहीर करावे लागले. हल्लेखोर येऊ नये म्हणून जो पहारेकरी ठेवला होता त्याचाच पाय घसरला होता. शनिवारी सकाळी वर्तमानपत्रात हे वाचताना मला माझी इलेक्ट्रॉनिक पाटी दिसू लागली, आणि तिच्यामागे ती खाली घातलेली मान.

त्या वर्षी गुरुपौर्णिमा रविवारी, 21 तारखेला होती. शिर्डीला शनिवारपासूनच गर्दी. आमच्या रस्त्यावर पालख्या आणि दिंड्या. रविवारी सुट्टी म्हणून मुलांनी शनिवारीच शाळेत गुरुपौर्णिमा साजरी केली. आम्ही शिक्षक ओळीने खुर्च्यांवर बसलो होतो आणि मुले एकेक गुलाबाचे फूल देऊन पायांवर डोके ठेवीत पुढे सरकत होती. तोही आला. त्याने फूल दिले, वाकला, सगळ्यांसारखाच पुढे गेला. त्याच्या तोंडावर राग शोधला तो मला सापडला नाही, आणि त्यामुळे अधिकच अवघडल्यासारखे झाले.

त्याच दिवशी एक तास मोकळा होता. मी दहावीच्या वर्गात गेलो. वाक्ये मनाशी जुळवून ठेवली होती, त्यांतले एकही वेळेवर आले नाही. मी त्याला उभे केले नाही; ते शहाणपण तेवढे सुचले. मी म्हणालो, "मागच्या वर्षी मी ह्याच्यावर यंत्र बिघडवल्याचा आळ घेतला होता. तुम्ही सगळे तेव्हा होतात. यंत्र ह्याने बिघडवले नव्हते, मी बिघडवले होते. माझ्या चित्राच्या पाटीने. हे मला चारच दिवसांत कळले होते आणि मी तुम्हाला सांगितले नाही. माझे चुकले."

वर्गात अगदी शांत झाले. मास्तराने अशा वेळी काय करावे हे कोणालाच माहीत नसते, मास्तरालाही नसते. मग मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, मग ती पाटी आता चालते का?" वर्ग हसला, मी हसलो, तोही हसला. मला वाटले, सुटलो.

यंत्रावर संशय घेतला तर यंत्रात काही बदलत नाही. ते बंद करून, पुन्हा चालू करून, जिथल्या तिथे येते. तो मुलगा 2025 च्या मार्चात दहावीची परीक्षा देऊन शाळेतून गेला. तोपर्यंत शाळेच्या कामासाठी कितीदा तरी त्या यंत्रावर बसला. माझी अडलेली कामे त्याने पूर्वीसारखीच करून दिली. फक्त पेन ड्राइव्ह लावायची वेळ आली की तो हातात धरून थांबायचा आणि मी कुठे आहे ते बघायचा. मी मान हलवली की मग लावायचा. "अरे, लाव की," असे मी त्याला अनेकदा सांगितले. तो "हो सर" म्हणायचा, आणि पुढच्या वेळी पुन्हा बघायचा.